भाचीचे इंग्रजी आणि आमची शिकवणी

उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो की कोणी ना कोणी आपल्या मुलास आमच्यापुढे उभे करतो आणि म्हणतो, ‘ह्याला जरा इंग्रजीचे शब्द सांगा. हुशार आहे, पण शब्दच कमी पडतात पोराला.’ आम्ही आयुष्याची तीस वर्षे हैदराबादेत काढली, तेथे चार भाषा रोज कानांवरून गेल्या, तेव्हा ह्या विषयातले आम्हांस पुष्कळ कळत असावे, असा गावाचा समज आहे. तो समज आम्ही खोडून काढीत नाही. परंतु शब्द सांगण्यापूर्वी एक जुनी हकीकत मात्र सांगतो. तिच्यात चूक आमची होती आणि तिचे फळ भोगावे लागले इतरांस.

ही १९८६ सालची गोष्ट. आम्ही उभयता तेव्हा हिमायतनगरात एका दुमजली घराच्या माडीवर दोन खोल्या घेऊन राहत होतो. हिमायतनगर म्हटले की मराठवाड्यातील वाचकांस नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आठवेल. हे ते नव्हे. हे हैदराबाद शहरातील, नारायणगुड्याला लागून असलेले. आमची वडील बहीण वसईकडे दिली आहे. तिच्या धाकट्या मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी हैदराबादच्या एका रुग्णालयात प्रवेश मिळाला. मुलगी बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, अभ्यासू आणि अबोल. शिक्षण सारे इंग्रजीतून होणार होते. बहिणीने पत्रात लिहिले, ‘जून उजाडेपर्यंत तिला इंग्रजीत तयार कर. तुझ्यावर सोपवून मी निश्चिंत आहे.’

आम्ही ती कामगिरी मोठ्या उत्साहाने अंगावर घेतली. आमच्यापाशी एक जाडजूड शब्दकोश होता. तो आम्ही पहिल्या पानापासून उघडला आणि रोज वीस शब्द पाठ करण्याचा नेम घालून दिला. कचेरीतून परतल्यावर चहा घेण्याआधी आम्ही ते शब्द म्हणवून घेत असू. चुकल्यास तो शब्द दहा वेळा लिहावा लागे. दोन-अडीच महिन्यांत मुलीने हजारांवर शब्द मुखोद्गत केले. ‘अबॅन्डन’, ‘बेनिव्होलन्ट’, ‘कपेशस’ असले शब्द ती धडाधड म्हणू लागली, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांस मुद्दाम बोलावून ते ऐकविले. जून आला तेव्हा आमची गाडी ‘डी’ अक्षरात होती. ‘उरलेले सुट्टीत पाहू,’ असे म्हणून आम्ही तिला वसतिगृहात पोहोचविली.

पुढील वर्षीच्या जानेवारीत एका सकाळी ती शस्त्रक्रियेच्या वॉर्डात कामावर होती. सात नंबरच्या खाटेवरील बाईची नऊ वाजता शस्त्रक्रिया व्हायची होती. बाई मेदक जिल्ह्यातील एका खेड्यातली. रात्रीपासून तिला पाण्याचा थेंब दिला नव्हता. खाटेवर तीन शब्दांची पाटी टांगलेली होती, ‘निल बाय माऊथ’. मुख्य परिचारिका घाईने आल्या आणि जाता जाता त्यांनी विचारले, ‘हॅज नंबर सेव्हन पास्ड वॉटर?’ शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याने लघवी केली आहे किंवा नाही, हे त्यांस पाहायचे होते. आमच्या भाचीला ‘पास’ ठाऊक होते, कारण मराठीतही आपण ‘तो डबा इकडे पास कर’ असे म्हणतो. ‘वॉटर’ तर शाळकरी पोरासही ठाऊक असते. सात नंबरला पाणी दिलेस का, असा त्या प्रश्नाचा अर्थ तिने केला. ‘नो, सिस्टर’ असे उत्तर देऊन ती ओशाळली आणि तिने तत्काळ पेला भरून त्या बाईच्या हाती दिला. तहानेने व्याकुळ झालेल्या बाईने तो एका दमात संपविला.

भूल देण्यापूर्वी पोट रिकामे असावे लागते. भुलीत असताना पोटातले वर येऊन श्वासनलिकेत उतरले, तर रोग्याच्या प्राणांवर बेतते. पाणी दिल्याचे भाचीनेच भाबडेपणाने सांगितले म्हणून ते वेळीच कळले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नकार दिला आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली. तिने ते सांगितले नसते तर काय झाले असते, हा विचार पुढे कित्येक रात्री आमच्या डोक्यातून जाईना. भाचीला पंधरा दिवस वॉर्डात येण्याची बंदी झाली. त्यानंतर पुन्हा परीक्षा घेऊ आणि सुधारणा दिसली नाही तर घरी पाठवू, असे तिला सांगण्यात आले.

आम्ही त्याच संध्याकाळी रुग्णालयात गेलो. त्या बाईचा नवरा जिन्याखाली बसला होता. रोजंदारीवरचा माणूस, दोन दिवसांची मजुरी सोडून आलेला, आता तिसराही दिवस बुडणार. आमच्या मोडक्यातोडक्या तेलुगूत आम्ही क्षमा मागितली. त्याने रागाचा शब्द काढला नाही. एवढेच विचारले, ‘रेपू?’ म्हणजे, उद्या? आम्ही म्हणालो, ‘रेपे.’ उद्याच. तो मान हलवून पुन्हा बसला. त्या जिन्याखाली उभे असताना आमच्या डोळ्यांपुढे आमचा तो जाडजूड शब्दकोश येत होता. ‘पास’ हा शब्द ‘पी’ अक्षराखाली आणि ‘निल’ हा ‘एन’ अक्षराखाली. तेथवर आम्ही पोहोचलोच नव्हतो.

भाची आमच्याकडे राहावयास आली ती खालमानेने. जेवेना, बोलेना. आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहत. मूळचे परभणीकडचे, सचिवालयातून निवृत्त झालेले वयोवृद्ध गृहस्थ. भाची त्यांना आजोबा म्हणे. हातात काठी घेऊन ते जिना चढून वर आले आणि म्हणाले, ‘कायले रडायलीस माय? पाणीच पाजलंस ना? विष तर नाही पाजलं.’

त्यांचे स्वतःचे इंग्रजी कसे घडले, ते त्यांनी त्या दिवशी सांगितले. त्यांचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठातले. १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात गणितापासून इतिहासापर्यंत सारे उर्दूतून शिकवीत. त्यासाठी ग्रंथांची भाषांतरे करणारे स्वतंत्र खातेच आदल्या वर्षी निघाले होते. इंग्रजी हा तेथे सक्तीचा विषय असला तरी तो एक विषय एवढेच. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि हळूहळू कचेऱ्यांतील कागद उर्दूतून इंग्रजीत गेले. आमचे घरमालक घरी मराठी, शाळेत उर्दू आणि बाजारात तेलुगू बोलणारे. इंग्रजी त्यांच्या वाट्यास आले ते असे उतारवाटेवर.

ते सांगू लागले, ‘‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे मला पोरपणापासून ठाऊक. ‘अप’ म्हणजे वर, हेही ठाऊक. साहेबांनी फाईलीवर लिहिलं, ‘पुट अप’. मी ती फाईल उचलली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली. चार दिवस साहेब वाट पाहायलेत फाईलीची, आणि मी म्हणायलो, माझं काम झालं! तेव्हापासून ‘पुट’ला मी एकट्याला भेटतच नाही. तो कोणासंगं आलाय, ते आधी पाहतो.’

भाची कित्येक दिवसांनी हसली. आम्ही मात्र अंतर्मुख झालो. ह्याच शहरात १९५८ साली इंग्रजी शिकविण्याच्या शास्त्रासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली होती. आज ती इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून सर्वांस ठाऊक आहे. ती आमच्या घरापासून काही कोसांच्या आत, आणि आम्ही आपले शब्दकोशाच्या पहिल्या पानापासून घोकंपट्टी चालविलेली!

पुढच्या रविवारी आम्ही आबिड्सला गेलो. रविवारी तेथील दुकाने बंद असतात आणि पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथे आम्हांस मायकेल वेस्ट ह्या इंग्रज शिक्षकाने तयार केलेली, १९५३ साली छापलेली शब्दांची यादी मिळाली. तिच्यात इंग्रजीतले नित्य उपयोगाचे सुमारे दोन हजार शब्द आहेत. आणि नुसते शब्द नाहीत. एकेका शब्दाचे निरनिराळे अर्थ देऊन त्यांतील कोणता अर्थ किती वेळा वापरला जातो, त्याचे प्रमाणही दिलेले आहे. सामान्य इंग्रजी मजकुरातील शंभरांपैकी सुमारे ऐंशी शब्द ह्या दोन हजारांतलेच असतात, असे जाणकार सांगतात. आमच्या भाचीने पाठ केलेल्या हजारांपैकी ह्या यादीत किती, हे आम्ही त्या रात्री कंदिलासारखी बत्ती जवळ ओढून ताडून पाहिले. थोडेच निघाले.

हे वेस्टसाहेब बंगालमध्ये, डाक्क्यास, शिक्षण खात्यात होते. तेथे त्यांनी पाहिले की बहुसंख्य मुले दोन-चार वर्षांत शाळा सोडतात आणि तोवर शिकलेले अर्धवट इंग्रजी त्यांच्या काहीच उपयोगी पडत नाही. १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी ह्यास विम्याच्या धंद्यातला शब्द लावला. विम्याचे हप्ते मध्येच थांबविले तरी काही ठरावीक रक्कम हाती येते, तसे मुलाने शिक्षण ज्या दिवशी सोडले त्या दिवशी त्याच्या हाती वापरण्याजोगे काही उरले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या शिकवणीचा विमा कसा होता? अ पासून ड पर्यंत हप्ते भरलेले आणि हाती छदाम नाही.

परंतु नुसत्या छोट्या यादीनेही काम होत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. १९३० साली ऑग्डेन नावाच्या विद्वानाने आठशे पन्नास शब्दांत बसविलेले ‘बेसिक इंग्लिश’ प्रसिद्ध केले. त्यात क्रियापदे अवघी अठरा. ऐकून कोणासही वाटेल की महिन्याभरात इंग्रजी आले! पण ती अठरा भरवशाची नव्हेत. ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ यांसारखी लहान क्रियापदे आपल्या शेपटीला एखादा चिमुकला शब्द लावून घेतात आणि पार निराळ्या अर्थाची होतात. भाषेतले मोठे शब्द बहुधा सरळ असतात; लहान शब्दच बहुरूपी. ‘बेनिव्होलन्ट’ने आजवर कोणाचे नुकसान केल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

मग आम्ही नवी वही घातली. तिला अक्षरांचा क्रम ठेवला नाही, ठिकाणांचा ठेवला. स्वयंपाकघर, वॉर्ड, बस, बाजार, पत्र. जो शब्द त्या दिवशी त्या ठिकाणी खरोखर ऐकला किंवा बोलावा लागला, तोच लिहायचा आणि तोही एकटा नाही, पुऱ्या वाक्यात. वॉर्डाची पाने भरण्यासाठी तिच्या वरच्या वर्गातील एक केरळची मुलगी दोन संध्याकाळी आमच्याकडे आली. ती एकेक वाक्य म्हणे आणि भाची अर्थ लिहून घेई. त्या पानांतले थोडे वाचकांपुढे ठेवतो, कारण अशा मुली पुष्कळ घरांत आहेत.

‘पास’चेच पाहा. ‘पास वॉटर’ म्हणजे लघवी करणे. ‘पास आऊट’ म्हणजे शुद्ध हरपणे. ‘पास अवे’ म्हणजे देवाघरी जाणे. शेवटच्या दोहोंत घोटाळा झाला तर एखाद्या घरात रडारड व्हावयाची. शुद्धीवर येण्यास ‘कम राऊंड’ म्हणतात, त्यात वळसा घालून येणे नाही. ‘थ्रो अप’ म्हणजे वर फेकणे नव्हे, ओकणे. ‘ड्रेसिंग’ म्हणजे कपडे घालणे खरे, पण वॉर्डात त्याचा अर्थ जखमेची पट्टी. ‘डिस्चार्ज’ हा रोग्याला मिळाला तर आनंद, जखमेतून येऊ लागला तर चिंता. अंगात ताप असला तर रोगी ‘टेम्परेचर’ला घेऊन धावतो, ‘रनिंग अ टेम्परेचर’. हे वाक्य ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘तापात धावायला सांगतात? कसले मेले रुग्णालय!’

आणखी एक खाचखळगा आमच्याच बोलीतला निघाला. मुंबई-वसईकडे माणूस वारला की ‘तो ऑफ झाला’ असे सर्रास म्हणतात. एकदा परिचारिकेने ‘डॉक्टर इज ऑफ टुडे’ म्हणजे आज डॉक्टरांची सुट्टी आहे, असे सांगितले तेव्हा आमची भाची दचकून जागच्या जागी उभी राहिली होती आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणू लागली होती, हे तिने आम्हांस तेव्हा प्रथमच सांगितले. मराठीत आलेला इंग्रजी शब्द माहेरचाच अर्थ घेऊन नांदत असेल, असे समजू नये.

वास्तविक परक्या भाषेचे शब्द घरात कसे येतात, हे आम्हां वसईकडच्या लोकांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे तेथे पोर्तुगिजांचे राज्य होते. नाताळ, पाद्री, क्रूस हे शब्द त्यांचे. पण चावी, पाव, बटाटा, कोबी, काजू, इस्त्री, पगार, लिलाव, घमेले, पिंप हेही त्यांचेच, आणि ते आता साऱ्या महाराष्ट्राचे झाले आहेत. आमच्या पणजीने कोणत्या वहीत हे शब्द घोकले होते? घमेले डोक्यावर आले, त्याबरोबर शब्द आला. पाव ताटात पडला, शब्द तोंडात पडला. वस्तू आणि शब्द एकाच दाराने आत आले म्हणून पुढच्या पिढ्यांस तो परका वाटलाच नाही.

उलट दिशेचेही उदाहरण आमच्याच धर्मबांधवांस चांगले ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि पुढे सुमारे चाळीस वर्षे तेथेच राहिले. साष्टीच्या खेड्यापाड्यांत त्यांचे आयुष्य गेले आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. त्या ग्रंथातली फुले आणि पाखरे आपल्या अंगणातली आहेत, विलायतेची नव्हेत. त्या काळी त्यांच्यापुढे उघडून बसण्यास छापील मराठी शब्दकोश नव्हता. मोल्सवर्थचा कोश निघाला १८३१ साली. माणसे बोलतात ते ऐकणे, एवढीच शाळा त्यांस होती. असो. फादर स्टीफन्स यांच्यापाशी चाळीस वर्षे होती, आमच्यापाशी पंधरा दिवस.

त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात मोठी गंमत चालली होती. जे काम हाताने चालले आहे ते इंग्रजीत बोलायचे, असा ठराव झाला. सौभाग्यवतींचे इंग्रजी चौथ्या इयत्तेपाशी थांबलेले; पण सर्वांत पुढे त्याच गेल्या, कारण हाताशी काम सर्वांत अधिक त्यांच्याच. ‘टर्न डाऊन द स्टोव्ह’, ‘वाइप इट अप’, ‘पुट द लिड ऑन’ ही वाक्ये त्या भाजीला फोडणी द्यावी तशी सहज टाकू लागल्या. एके सकाळी आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलो असता आतून आरोळी आली, ‘बॉइलिंग ओव्हर! बॉइलिंग ओव्हर!’ आम्ही ते शिकवणीचे वाक्य समजून ‘व्हेरी गुड’ म्हणालो आणि वाचीत राहिलो. दूध खरोखरच उतू गेले होते. शेगडीवरून ओघळून ते पार उंबऱ्यापर्यंत गेले. पण तो शब्दप्रयोग आमच्या घरातून आजतागायत कोणी विसरलेले नाही.

ह्या सगळ्यांत भाचीच्या खऱ्या उपयोगी पडले ते वाक्य मात्र आजोबांनी सांगितले. ते म्हणाले, ‘सगळे शब्द कोणालाच येत नाहीत, माय. न समजल्याचा शब्द आधी शीक.’ मग त्यांनी तिच्याकडून दोन वाक्ये घोटून घेतली. एक, ‘सॉरी सिस्टर, आय डिडन्ट फॉलो.’ आणि दुसरे, सांगितलेले काम हाती घेण्यापूर्वी आपल्या साध्या शब्दांत उलट विचारून घेण्याचे, ‘डू यू मीन आय शुड गिव्ह हर वॉटर?’ लाजाळू मुलीस हे दुसरे वाक्य फार जड गेले. न समजता मान डोलावणे हे आपल्याकडे विनयाचे लक्षण मानतात. वॉर्डात ते रोग्याच्या जिवाशी गाठ घालते. संध्याकाळी आजोबा मुद्दाम पुटपुटत काही हुकूम सोडीत आणि तिने विचारल्याशिवाय काम केले की काठी आपटीत.

सोळाव्या दिवशी ती परत गेली. परीक्षा झाली ती वहीची नव्हे, वॉर्डातच झाली, आणि काय काय विचारले ते तिने आम्हांस नीटसे कधी सांगितले नाही. ‘दोनदा आय डिडन्ट फॉलो म्हटले, मामा,’ एवढेच म्हणाली, ‘आणि रागावले कोणी नाही.’ मेदकची ती बाई तोवर बरी होऊन घरी गेली होती. तिची भेट घ्यावी, असे भाचीच्या मनात फार होते; ते राहून गेले.

१९८९ साली ती उत्तीर्ण झाली आणि १९९२ मध्ये नोकरीसाठी बहरीनला गेली. तेथून तिचे पहिले पत्र आले ते आम्ही खाली जाऊन आजोबांस वाचून दाखविले. त्यांची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. पत्रात हवामान, पगार, खोलीतल्या मुली असे सारे होते. अरबी शिकण्यास आरंभ केला आहे, असेही लिहिले होते. नवीन वही घातली आहे, तिचे पहिले पान वॉर्डाचे, आणि त्यावर पहिला शब्द पाण्यासाठी तेथील रोगी काय म्हणतात तो. तिने लिहिले होते, ‘आजोबांना सांगा, इथे पाण्याला माय म्हणतात.’

आजोबांनी ते वाक्य आम्हांस दोनदा वाचावयास लावले.